खाडीमुखाचे पाणी

गरम पिठाचा वास. तांदळाचे दळण असेल तर तो किंचित गोडसर, झाकून ठेवलेल्या भाताच्या पातेल्यासारखा. ज्वारीचे असेल तर कोरडा, मातीकडे झुकणारा. वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीतील दुकानांच्या एका इमारतीत, खाली पिठाची गिरणी होती आणि वर पहिल्या मजल्यावर आमचे कार्यालय. सकाळी दहाला गिरणीचा पट्टा सुरू झाला की आमच्या फरशीला बारीक कंप सुटे आणि जिन्यातून तो वास वर येऊन संगणकांच्या तापलेल्या धुळीत मिसळे. त्या वासात बसून मी अनोळखी माणसांची मते वाचत असे. तीच माझी नोकरी.

ही नोकरी काय आहे, हे मी माझ्या आत्याला पुष्कळदा समजावून सांगितले. आमची केळीची आणि पानवेलीची वाडी तिने उभे आयुष्य शिंपली. तिला काम म्हणजे हाताला काहीतरी लागले पाहिजे. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे लोकं खेळतात, खेळून भांडतात, नि तू ती भांडणं वाचतेस?"

"हो."

"नि त्याला कवितेत एम. ए. लागतं?"

लागत नाही. पण झाले असे की, पुण्यातील काही मंडळींनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एक परदेशी संगणकखेळ नव्याने काढायचे ठरवले, आणि तो मराठीसह आपल्या काही भाषांत आणायचा, असेही ठरवले. खेळाडू मते लिहीत, हजारोंनी लिहीत. यंत्रणा ती मते चाळून त्यांवर खुणा करी आणि मराठी मते शेवटी एका माणसाने वाचावीत, असा नियम होता. ते माणूस मी. प्रत्येक मत पाच खणांपैकी एका खणात टाकायचे: कौतुक, तक्रार, मागणी, बिघाड आणि पाचवा खण, 'काढून टाकावे'. शिव्या, धमक्या, जाहिराती, नशेचा प्रचार हे सगळे पाचव्यात. आठवड्याच्या शेवटी सगळ्याचे सार लिहून पुण्याला पाठवायचे. तिथला प्रमुख निखिल, माझ्याहून पुष्कळ लहान, पहिल्या महिन्यात म्हणाला होता, "ताई, सार जरा आखूड लिहा. तुमच्या साराला चाल लावता येईल."

खेळाचे नाव करारामुळे मला लिहिता येत नाही. तो कसा आहे, हे मात्र सांगायला हवे. संगणकावरचे बहुतेक युद्धखेळ हा एक प्रकारचा संसारच असतो. लाकूड तोडा, सोने साठवा, घरे बांधा, सैनिक घडवा, मेले तर पुन्हा घडवा. या खेळात संसार नाही. आरंभीच मोजके शिलेदार तुमच्या हवाली केले जातात: काही ढालवाले, काही धनुर्धारी, अग्निकुंभ फेकणारा एखादा बुटका, क्वचित एक मांत्रिक. समोर पाण्यातून उठणारी प्रेते आणि धुक्यात चालणारे राक्षस. बुद्धिबळात प्रतिस्पर्धी तुमच्या खेळीची वाट पाहतो. इथे घड्याळ कुणासाठी थांबत नाही. तुम्ही विचार करीत असता, तेवढ्यात डावीकडचा धनुर्धारी पडलेला असतो. आणि पडला तो पडला. जो जगतो, तो पुढच्या अध्यायात तुमच्याबरोबर येतो, थोडा अधिक शहाणा होऊन, स्वतःच्या नावासह. पावसात अग्निकुंभ विझतात, चढावर बाण तोकडे पडतात, बर्फात पावले उमटतात. या युद्धाला ऋतू आहेत, म्हणून मला तो आवडला. खेळता मात्र कधी आला नाही. पहिल्याच अध्यायात मी माझी सगळी माणसे एका पुलावर उभी केली आणि पुलाखाली काय आहे ते पाहायचे विसरले.

वाचता मात्र येत असे, असे तेव्हा मला वाटत होते.

मतांची तऱ्हा सांगायची तर एका गृहस्थांचे उदाहरण देते. ते निवृत्त होते, याच वस्तीत राहणारे, आणि त्यांचे प्रत्येक मत अर्जाच्या स्वरूपात येई. 'महोदय, विषय: बुटक्याच्या बेजबाबदार वर्तनाबाबत. सदर बुटका अग्निकुंभ फेकण्यापूर्वी समोर आपली माणसे आहेत की परकी, याची कोणतीही शहानिशा करीत नाही. काल त्याने माझे तीन ढालवाले जायबंदी केले व स्वतः हसला. तरी त्यास समज द्यावी. आपला विश्वासू.' असे अर्ज त्यांनी चौदा केले. पंधरावा आला, त्याचा विषय होता, 'मृतांची यादी'. अध्याय संपला की पडलेल्यांची नावे पडद्यावर येतात आणि लगेच जातात. त्यांनी लिहिले होते, 'नाव वाचून होण्याआधी पान उलटते. हे बरे दिसत नाही.' त्या आठवड्याच्या सारात मी ही एकच ओळ सर्वांत वर ठेवली, काहीही न जोडता. नव्या आवृत्तीत ती यादी आता खेळाडूने स्वतः मिटेपर्यंत थांबते. माझ्या हातून या खेळात जे काही भले झाले, त्यात ही गोष्ट मी पहिली धरते.

नालासोपाऱ्याहून एक बाई दर रविवारी एकच ओळ लिहीत: 'आज कुणी गेलं नाही.' यंत्रणा त्या ओळीवर 'निरर्थक' अशी खूण करी. मी ती दर वेळी पुसून ते मत 'कौतुक' या खणात ठेवीत असे. अशा लहान लहान विजयांवर मी खूश असे. यंत्राला जे ऐकू येत नाही ते मला येते, छंदांच्या मात्रा मोजता मोजता माझा कान तयार झाला आहे, असा एक गोड गर्व मनात मुरत होता.

सगळ्यांत जास्त तक्रारी येत त्या सातव्या अध्यायाबद्दल. त्याचे नाव 'खाडीमुख'. शिलेदारांना खाडीच्या तोंडातून पलीकडच्या किनाऱ्यावर न्यायचे, इतकेच. पण कधी पात्र कोरडे ठणठणीत दिसे आणि माणसे मध्यावर पोचताच पाणी चढून सगळी बुडत. कधी आरंभापासूनच डोक्यावर पाणी असे. 'खाडीमुख म्हणजे फसवणूक', 'पाणी मनाला येईल तसं चढतं', 'बनवणाऱ्याला एकदा त्यात उभं करा', अशी मते वर्षानुवर्षे येत होती. मी ती इमानाने 'तक्रार' या खणात भरीत गेले. शेवटी निखिलने कळवले, "ताई, ठरलं. पाणीच काढून टाकतोय. नुसती वाळू ठेवू, लोक सुखाने चालत जातील."

मला थोडे वाईट वाटले, कारण त्या अध्यायात पाण्याचा आवाज फार सुरेख होता. लाट मागे जाताना शंख-शिंपल्यांची जी बारीक कुजबुज होते, ती कुणीतरी जीव लावून पकडली होती. पण मी विरोध केला नाही. माझ्याकडे मुद्दा नव्हता.

मुद्दा माझ्याकडे आला होता. तीनदा आला होता. मी तो पाचव्या खणात टाकला होता.

झाले ते असे. खाडीमुखावर लोक रडत असत, तिथे 'नाखवा' या नावाने कुणीतरी उत्तर दिले: 'रडू नका. भांगाला उतरा. मग कोन मरत नाय.' यंत्रणेने 'भांग' हा शब्द लाल केला आणि बाजूला लिहिले, 'अमली पदार्थाचा पुरस्कार'. मी संमतीची कळ दाबली. काही दिवसांनी पुन्हा: 'परत सांगतो. भांगाला उतरा. सुक्याला भुलू नका.' पुन्हा लाल, पुन्हा माझी संमती. मग तिसरे: 'भांग असला की मी अकरा जन नेतो, अकरा आनतो.' मला वाटले, गडी चांगलाच तारेत आहे. तिसऱ्यांदा कळ दाबली आणि नियमाप्रमाणे ते खाते बंद झाले.

बंद खाते एक महिना तसेच राही; त्या मुदतीत खेळाडूला दाद मागता येई. नंतर त्यातले सगळे पुसले जाई, शिलेदारांसकट. नाखव्याने दाद मागितली. पडताळणीसाठी त्याचे खाते माझ्यासमोर उघडले, तेव्हा मी थबकले होते, हे मला आजही आठवते. शेवटच्या अध्यायापर्यंत पोचलेला खेळ आणि अकरापैकी अकरा शिलेदार जिवंत. असे मी कधी पाहिले नव्हते. मृतांची यादी कोरी. शिलेदारांना त्याने स्वतः नावे दिली होती: पेद्रू, जुझे, कैतान, इनास. दाद म्हणून तीन वाक्ये होती.

'मी भांग खात नाय. माझा भांग पान्याचा हाय. अकरा जनांना मारू नका.'

मी त्यावर जो शेरा मारला, तो इथे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. 'भांग पाण्यातून घेत असल्याची कबुली. लेखन अशुद्ध, भांग हा शब्द पुल्लिंगी वापरला आहे.' दाद अमान्य.

महिना नुकताच सरला होता, तेव्हाचा एक रविवार. बोंबील घ्यायला मी सकाळी पाचूबंदरला गेले होते. होड्या लागल्या होत्या, पण लिलावाचा गलका नेहमीसारखा नव्हता. ओल्या जाळ्यांचा, बर्फाचा आणि डिझेलचा वास एकात एक विरघळलेला. एका कोळणीसमोर पाटीच्या तळाशी चारदोन वाटे पडलेले होते.

"मावशी, एवढेच बोंबील?"

"एवरंच. भांग हाय, बाय. पान्याला जोर नाय, तं म्हावरा कुठशी येल?"

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"काय आहे म्हणालात?"

"भांग! आष्टमीचा भांग." तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "वाडवलीन ना तू? वाडीला पानी शिपता, नि दर्याचा पानी म्हाईत नाय? शालेत गेलेली का नाय?"

शेजारची कोळीण हसून म्हणाली, "जास्ती गेली असल, म्हनूनच."

शाळेत गेले होते. सहावी-सातवीच्या भूगोलात एक आकृती होती: सूर्य, पृथ्वी आणि काटकोनात उभा असलेला अर्धा चंद्र. खाली लिहिलेले, 'भांगाची भरती'. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी फार वर चढते आणि फार खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. ती आकृती मी पेन्सिलीने काढली होती, चंद्राला छाया दिली होती. 'भांगाची.' भांगेची नव्हे.

नशेची भांग स्त्रीलिंगी. ती भांगेची होते, भांगेला होते, भांगेत होते. समुद्राचा भांग पुल्लिंगी. तो भांगाचा होतो, भांगाला होतो. त्या माणसाने एकदाही काना चुकवला नव्हता. 'भांगाला उतरा', 'भांग असला की', 'माझा भांग'. तिन्ही वेळा, आणि चौथ्यांदा दाद मागतानासुद्धा, त्याने मला शुद्ध मराठीत सांगितले होते. अशुद्ध वाचले होते ते मी. समुद्रापासून थोड्याच अंतरावर जन्मलेली, कवितेच्या एकेका मात्रेसाठी भांडणारी मी, एका मात्रेवर घसरले होते.

बोंबील न घेता मी जेट्टीच्या कठड्यापाशी उभी राहिले आणि निखिलला फोन लावला.

"ताई, रविवार आहे."

"माहीत आहे. माझ्या हातून एक माणूस चुकीने बाद झालाय. तीन वेळा. चार धर."

सगळे सांगितले. तो ऐकत होता. मागे कुकरची शिट्टी झाली.

"थांबा. मराठीत भांग आहेत तरी किती?"

"तीन. एक डोक्यावर, एक डोक्यात आणि एक समुद्रात. पहिला आणि तिसरा पुल्लिंगी. डोक्यातली तेवढी स्त्रीलिंगी. त्याने प्रत्येक वेळी पुल्लिंगी लिहिलंय."

"मग तो डोक्यावरचा नसेल कशावरून?"

"केसांचा नीट भांग पाडून खाडीत उतरा, असं सांगतोय म्हणतोस?"

तो हसला, मग हसणे मध्येच थांबले. "ताई, एक मिनिट. खाडीमुखाच्या आभाळात चंद्र आहे."

"आहे?"

"आहे, आणि अध्याय उघडला की दर वेळी वेगळा असतो. आम्हाला वाटायचं, ती नुसती सजावट आहे. ठेवतो फोन."

दुपारी त्याचाच फोन आला. आवाजातली थट्टा उतरली होती. अर्धा चंद्र मिळेपर्यंत त्याने तो अध्याय पुन्हा पुन्हा उघडला होता. पात्र कोरडे नव्हते. आरंभीच कमरेएवढे पाणी होते, म्हणजे कुणीही शहाणा माणूस उतरणार नाही असे. तो उतरला. पाणी कमरेच्या वर आलेच नाही. सगळी माणसे पलीकडे गेली. मग पौर्णिमेच्या चंद्राखाली तोच अध्याय उघडला; पात्र कोरडे, आमंत्रण दिल्यासारखे. मध्यावर सगळे गेले.

"म्हणजे सुक्याला भुलू नका," मी म्हणाले.

"कुणीतरी हे मुद्दाम केलं होतं ताई. खेळ बनवणाऱ्यांपैकी कुणाला तरी समुद्र कळत होता. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आम्ही ते पाणी काढायला निघालो होतो." मागे कळांची टकटक झाली. "पाणी राहील. पण तुमच्या नाखव्याचं खातं... मुदत शुक्रवारीच संपली."

"पुसलं?"

"पुसायचं काम टप्प्याटप्प्याने चालतं. त्याचा नंबर लागला असेल किंवा नसेल. खातं मी आत्ता उघडून देतोय, पण आत काय उरलंय ते त्याने त्याच्या संगणकावर उघडल्याशिवाय कळणार नाही."

मी त्याला लेखी कळवले की चूक यंत्राची नव्हती. यंत्राने संशय घेतला होता. संशय फेडण्यासाठी मला ठेवले होते आणि मी न वाचता कळ दाबली होती. हे लिहिल्यावर नोकरी राहील की नाही, याची खात्री नव्हती. निखिलने उत्तरात एवढेच लिहिले की, यापुढे पाचव्या खणात काही टाकण्याआधी त्या शब्दाचे सगळे अर्थ आणि सगळी लिंगे तपासावीत, आणि ही पद्धत मीच लिहून काढावी. ती मी लिहिली. नंतर आलेल्या दोन नव्या वाचकांना मी पहिला धडा तोच देते.

राहिला प्रश्न भेटीचा. खेळाडूला प्रत्यक्ष भेटायला आम्हाला मनाई होती. निखिल म्हणाला, "मासे घ्यायला जा ना तुम्ही. आजचे राहिलेच आहेत. वाटेत कुणी भेटलं तर भेटलं."

सोमवारी सकाळी मी पुन्हा पाचूबंदरला गेले. खात्यावर वस्ती पाचूबंदर होती; नाव ठाऊक नव्हते, पण त्याची गरज पडली नाही. संगणकावर खेळणारा नाखवा कुठे राहतो, असे विचारताच उत्तर आले, "कंप्युटरवाला नाखवा? बस्त्याव नाखवा. क्रुसाशी वल, निल्या दाराचा घर." गल्लीत बोंबील वाळत घातले होते, वाऱ्याबरोबर ते एकमेकांवर आपटून कागदासारखे वाजत होते. निळ्या दाराच्या उंबऱ्यापाशी एक बाई जाळे मांडीवर घेऊन विणत बसली होती. तिने, म्हणजे फिलोमिनाबाईंनी, मला आपादमस्तक न्याहाळले आणि आत हाक मारली, "अवो, कोन बाय आलीया. चांगली दिसते, तुमचेकडं काय काम असल?"

नाखवा साठी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस. कमरेला दवाखान्याचा पट्टा आवळलेला. वल्हवता-ओढता पाठ गेली आणि होडी विकावी लागली, हे मला मागून कळले. कोपऱ्यात, प्रभूच्या तसबिरीखाली संगणक होता. त्यावर विणकामाचा रुमाल घातलेला. महिनाभर तो काढला गेला नसावा.

मी बसले नाही. उभ्यानेच म्हणाले, "खेळावरची तुमची मतं काढून टाकणारी मी. खातं बंद करणारीही मीच. चूक माझी होती."

तो खुर्ची ओढून बसला.

"तुला भांग म्हाईत नाय?"

"शाळेत होता."

"मंग शालेत झोपलीस."

बाहेर फिलोमिनाबाई फिस्सकन हसल्या. तो हसला नाही.

"तीन वेला?"

"तीन वेळा. तुमची दादही मीच नाकारली."

"मना वाटला, कंप्युटर येडा हाय," तो सावकाश म्हणाला. "मी हिला सांगला पन, मशीन हाय, त्याला दर्या काय म्हाईत. तिथं मानुस बसलाय, नि त्या मानसानं वाचून हा केला, असा नव्हता वाटला."

मी फक्त सांगितले की पाणी काढणार होते, ते आता राहणार आहे. त्याच्या सांगण्यामुळे राहणार आहे. खाडीच्या काठावर एक म्हातारा होडीवाला उभा करणार आहेत आणि तो उतरणाऱ्यांना एक वाक्य सांगणार आहे.

"काय सांगनार?"

"कोरड्याला भुलू नका."

"सुक्याला," तो म्हणाला. "होरीवर कोन कोरड्याला म्हनत नाय."

मी वही काढून लिहून घेतले. सुक्याला. तसेच पुण्याला कळवले आणि आज खेळात तो म्हातारा तसेच म्हणतो.

मग मी उरलेली गोष्ट सांगितली: खाते उघडले आहे, पण मुदत उलटून गेली होती, आत कुणी उरले आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. त्याने हळूच रुमाल बाजूला केला, घडी घातली. फिलोमिनाबाई जाळे हातात घेऊनच आत आल्या.

"ही सगली ह्यांच्या होरीवरची मानसा हायेत," त्या मला म्हणाल्या. "होरी इकली तवा खलाशी पांगले. कोन मढला गेला, कोन गल्फला. मंग ह्यांनी त्यांची नावां हितं घातली. नि माझे भावाचा नाव कोनाला दिला म्हाईत? त्या बुटक्याला!"

"तो हाय तसाच," नाखवा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "काय पन फेकतो, कोनावं पन."

संगणक जुना होता. पंख्याने दम घेत घेत वेग धरला. एका बोटाने त्याने संकेतशब्द टाकला. ते बोट जाड, मिठाने भेगाळलेले, आणि कळीवर पडताना विलक्षण हलके. पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागले. दाराबाहेर बोंबील वाजत होते.

चक्र थांबले. खाडीच्या लाटेचा तो कुजबुजता आवाज आला आणि शिलेदारांची यादी एकेका ओळीने उतरू लागली. नाखव्याने पडद्याला बोट लावले आणि शाळेत हजेरी घ्यावी तसा तो मोठ्याने म्हणू लागला. पेद्रू. जुझे. कैतान. इनास. प्रत्येक नावापुढे एक बारीक हिरवा ठिपका. सहा झाली. सात. बुटक्याचे नाव आले तेव्हा फिलोमिनाबाई पुढे वाकल्या. आठ. नऊ. दहा.

दहाव्या नावाखाली पडदा कोरा राहिला. बोट तिथेच टेकलेले. पंखा घरघरत होता. फिलोमिनाबाईंची विणायची सुई जाळ्याच्या एका घरात अर्धी शिरून थांबली होती. मी मनात अकराव्या माणसासाठी शब्द जुळवू लागले.

मग ती ओळ आली, उशिरा, इतरांसारखीच, ठिपक्यासकट.

नाखव्याने बोट काढले. पट्टा सावरत तो खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळला. त्याचे डोळे दर्यावरच्या माणसाचे, उन्हाने कायमचे बारीक झालेले. ते आता आणखी बारीक झाले. आणि तो मला म्हणाला,

"वाचले."